मागचा-पुढचा सेल कुणाकडे आहे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या खेपेचे सगळे प्रश्न ॲनिमेशनची मूळ चित्रे जमवणाऱ्या वाचकांचे आहेत. मूळ चित्रे म्हणजे चित्रपट किंवा मालिका बनवताना हाताने तयार झालेल्या वस्तू : पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगवलेले सेल, त्याखालची पेन्सिलची रेखाटने, पार्श्वभूमीची रंगचित्रे. वस्तू हाताशी आहे, पण तिच्याविषयी बोलायला माणूस नाही, अशी खंत जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. म्हणून जतनाचे आणि खरेदीचे प्रश्नही आम्ही त्याच अंगाने घेतले आहेत.

प्रश्न (डोंबिवली) : नव्वदच्या दशकातल्या एका जपानी मालिकेचे दोन सेल मी घेतले. घरच्यांना ते कार्टूनचं प्लॅस्टिक वाटतं आणि मित्र फक्त किंमत विचारतात. या छंदातली आणखी माणसं शोधायची तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : सेलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यापासून. तिथे बहुधा एक रोमन अक्षर आणि एक आकडा असेल : ए-५, बी-१२ असे काहीतरी. अक्षर म्हणजे थर. कॅमेऱ्याखाली सेल एकावर एक ठेवले जात. ए साधारणपणे सर्वांत खाली, त्यावर बी, त्यावर सी. आकडा म्हणजे त्या थरातला चित्राचा क्रम. जपानी मालिकांत एकेक चित्र बहुधा तीन-तीन फ्रेम धरून ठेवत. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ८ चित्रे. तेव्हा तुमच्या ए-५ च्या एक अष्टमांश सेकंद आधी ए-४ होते आणि तेवढ्याच अंतराने नंतर ए-६. बोलणाऱ्या पात्राचे तोंड पुष्कळदा वेगळ्या थरावर असते. तुमच्या सेलवर चेहरा आहे आणि तोंडच नाही, असे असेल तर सेल सदोष नाही. ते तोंड बी थरावर होते आणि आज दुसऱ्या कुणाच्या तरी फोल्डरमध्ये आहे.

चित्रीकरण संपले की एका कटची, म्हणजे दृश्याच्या एका सलग तुकड्याची, सगळी चित्रे एका मोठ्या पाकिटात जात. ही पाकिटे बाजारात आली तेव्हा ती फोडून सेल सुटे विकले गेले. संग्राहक एकटा पडतो त्याचे एक कारण इथेच आहे : त्याच्या हातातली वस्तूच आपल्या गोतावळ्यातून सुटून आलेली असते. ज्याच्याकडे ए-४ किंवा ए-६ आहे तो तुमचा पहिला सोबती. तो ओसाकात असेल, पॅरिसमध्ये असेल किंवा ठाण्यातही असेल, आणि बहुधा तोही शोधतच असेल.

त्याला तुम्ही सापडावे यासाठी नोंद पक्की हवी. तो भाग पुन्हा पाहा आणि तुमचे चित्र पडद्यावर नेमके कुठे येते ते शोधा. भागाचा क्रमांक, मिनिट आणि सेकंद लिहा, त्या क्षणाचा पडद्यावरचा फोटो जोडा. थराचे अक्षर, आकडा आणि त्यापुढे ‘एंड’ असा शब्द असल्यास तोही लिहा. तो त्या थरातला शेवटचा सेल असल्याची खूण आहे. सोबत पेन्सिलचे रेखाटन आहे का, ते सुटे आहे की सेलला चिकटलेले, पार्श्वभूमी मूळ रंगवलेली आहे की रंगीत झेरॉक्स, हेही लिहा. मालिकेचे आणि पात्राचे नाव मराठी-इंग्रजीबरोबर जपानी लिपीतही द्या, कारण जपानी संग्राहक जपानी लिपीतच शोधणार. आणि हे सगळे अक्षरांत टाइप करून द्या. फोटोत लिहिलेला मजकूर शोधात येईलच असे नाही.

एक चूक फार लोक करतात : सुंदर दिसावे म्हणून फोटो कापतात. चेहरा राहतो; सेल जागेवर बसवण्यासाठी कडेला पाडलेली छिद्रे, क्रमांक आणि कडा जातात. ज्याला जोडीदार सेल ओळखायचा असतो त्याच्या दृष्टीने त्या फोटोतले कामाचे सगळे गेले.

प्रश्न (नाशिक) : नोंदीसाठी सेल स्कॅन करावा की फोटो काढावा?

उत्तर : सेलची रेघ पुढच्या बाजूने असते आणि रंग मागच्या बाजूने. त्यामुळे स्कॅनरच्या काचेवर पुढची, गुळगुळीत बाजू टेकते आणि झाकणाचा दाब पडतो तो रंगावर. रंग चिकट झाला असेल तर तो झाकणाला लागून सुटतो. म्हणून झाकण उघडेच ठेवा, खोलीत अंधार करा आणि सेलच्या वर साधारण एक सेंटीमीटर उंचीवर पांढरा पुठ्ठा आधारावर धरा. नोंदीला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरे, पेन्सिलच्या रेखाटनाला ६००.

रंगाला भेगा असतील, पोपडे सुटत असतील किंवा सेल लाटांसारखा वाकला असेल तर स्कॅनर नकोच. पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावा आणि कॅमेरा बरोबर वर, सेलला समांतर धरून फोटो काढा. मागच्या बाजूचाही एक काढा. रंगाचे हात कसे फिरले आहेत ते तिथेच दिसते आणि जाणकार आधी तोच फोटो मागतात.

प्रश्न (पुणे) : पुणे-मुंबई मिळून आम्ही सहा जण एकमेकांना नावाने ओळखतो. प्रत्यक्ष भेटून सेल दाखवायचे आहेत. भेट कशी आखावी?

उत्तर : दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला धरा. पावसाळ्यात सेल घराबाहेर काढू नयेत. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत तासभर राहिलेली पिशवी सेलचा रंग मऊ करू शकते. पहिली भेट कुणाच्या घरी ठेवू नका. संग्रह आणि पत्ता या दोन्ही गोष्टी ओळख मुरल्यावर उघड कराव्यात. ग्रंथालयाची किंवा महाविद्यालयाची तासावर मिळणारी खोली बरी.

प्रत्येकाने तीनच वस्तू आणाव्यात आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटे. सहा जणांचा दीड तास होतो आणि त्यापुढे डोळे थकतात. टेबलावर धुतलेली, खळ न केलेली पांढरी चादर, एक ए-३ मापाचा एलईडी लाइटपॅड, दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक छोटी टॉर्च, नायट्राइलचे हातमोजे. लिहायला पेन्सिल, पेन नाही. चहा दुसऱ्या खोलीत. पंखा बंद, सुटा सेल वाऱ्याने उचलला जातो आणि टेबलावरून पडला तर कोपरा तडकतो. सेल पाकिटातच पाहायचा. बाहेर काढायचा तर तो मालकाने, दोन्ही हातांनी कडा धरून.

किमतीचा विषय मालकाने काढला तरच काढावा, असे आधीच ठरवा. खरेदी-विक्री पहिल्या दोन-तीन भेटींत पूर्ण बंद. विक्री सुरू झाली की माणसे एकमेकांच्या वस्तूंची मनात किंमत करू लागतात. ज्याच्याकडे साधे, स्वस्त सेल आहेत तो पुढच्या भेटीला येत नाही, आणि पुष्कळदा नेमका तोच कष्टाने नोंदी ठेवणारा असतो.

नुसते दाखवण्यापेक्षा मिळून करण्याजोगे काम असले की गट टिकतो. यातले सर्वांत आनंदाचे काम म्हणजे एक कट पुन्हा जुळवणे. एकाच कटचे चार-पाच सेल तुमच्यात आणि तुमच्या परदेशातल्या ओळखींत मिळून निघाले तर ते पुन्हा हलते करता येतात. प्रत्येकाने आपला सेल ३०० डीपीआयवर, खालच्या किंवा वरच्या कडेची तीनही छिद्रे दिसतील असा, न कापता, रंगात फेरफार न करता स्कॅन करायचा. बाजूला एक मोजपट्टी ठेवायची. फाइलचे नाव सगळ्यांनी एकाच क्रमाने द्यायचे : भाग, कट, थर, आकडा. मग संगणकावर मधले गोल छिद्र जुळवून चित्रे एकावर एक ठेवायची आणि बाजूची दोन लांबट छिद्रे सरळ रेषेत येईपर्यंत चित्र फिरवायचे.

इथे दोन अडचणी येतात. पहिली, सेल वर्षानुवर्षांत किंचित आक्रसतात आणि सगळे सारखे आक्रसत नाहीत. त्यामुळे तीनही छिद्रे तंतोतंत बसणार नाहीत; मधले छिद्र प्रमाण माना आणि कडेचा फरक सोडून द्या. दुसरी, कोणते चित्र किती फ्रेम टिकते हे मूळ टाइमशीटवर असते आणि ती क्वचितच हाती येते. ती नसेल तर भागाचा व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत मोजायचे. जो क्रमांक सापडला नाही त्याची जागा रिकामी ठेवा. एआय वापरून किंवा स्वतः काढून ती भरू नका. ती रिकामी जागाच पुढच्या माणसाला हाक घालते : ‘ए-७ कुणाकडे आहे?’

छिद्रांत बसणाऱ्या खुंट्यांच्या एकाच पट्टीवर अमेरिकी आणि जपानी सेल बसवण्याचा प्रयत्न करू नका. दोन्हींत मधे गोल आणि बाजूंना लांबट छिद्रे असतात, पण मापे वेगळी आहेत. जोर लावला तर छिद्राची कड फाटते.

नवी माणसे मिळायला मुंबईचा द्वैवार्षिक आंतरराष्ट्रीय माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट महोत्सव आहे, मुंबई-पुण्याचे कॉमिक कॉन आहेत आणि २८ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन आहे. एमिल रेनोने १८९२ साली याच तारखेला पॅरिसमध्ये आपल्या हलत्या चित्रांचा पहिला जाहीर खेळ केला होता. आसिफा इंडिया ही ॲनिमेशनवाल्यांची संघटना त्या निमित्ताने कार्यक्रम करते. अशा गर्दीत मूळ सेल नेऊ नका. नोंदीसह रंगीत छापलेली चार पाने न्या; बोलणे त्यांवरही सुरू होते.

प्रश्न (ठाणे) : माझी आई सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका जाहिरातपट स्टुडिओत सेल रंगवायची. माळ्यावरच्या ट्रंकेत तिने सांभाळलेले दोन-अडीचशे सेल आहेत. ट्रंक उघडली की व्हिनेगरसारखा वास येतो. हे कुणाला दाखवावेत, की टाकून द्यावेत?

उत्तर : कृपा करून टाकू नका. मराठी घरांच्या माळ्यांवर असलेल्या अशा ट्रंका हा आपल्या ॲनिमेशनच्या इतिहासाचा फार मोलाचा ऐवज आहे. १९५६ साली डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग उभा राहिला. राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथेच घडले आणि पुढे त्यांनी जाहिरातपटांतही काम केले. चित्रपटाची प्रिंट कुठेतरी राहते. सेलला मात्र काम झाल्यावर किंमत नसे. डिस्नेच्या स्टुडिओतसुद्धा सुरुवातीला वापरलेले सेल धुऊन पुन्हा वापरत असत. त्यामुळे तुमच्या आईंनी जे राखले ते अपवादाने राहिलेले आहे.

वास ॲसेटिक ॲसिडचा आहे. सेल्युलोज ॲसिटेट, म्हणजे सेलचे प्लॅस्टिक, विघटित होताना ते सुटते, आणि सुटलेले ॲसिड विघटनाचा वेग वाढवते. बंद ट्रंकेत ते कोंडते आणि चांगल्या सेलनाही लागते. म्हणून ट्रंक हवेशीर खोलीत, खिडक्या उघडून, नायट्राइलचे मोजे घालून उघडा. कापडी किंवा एन-९५ मास्क ही वाफ अडवत नाही. डोळे चुरचुरले की बाहेर जा.

गठ्ठे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने फोटो काढा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर कागदी चिठ्ठीने क्रमांक द्या. कोणता सेल कशाशेजारी होता यावरून कोणती जाहिरात ते ठरते. क्रम मोडला की तो धागा तुटतो. मग उग्र वासाचे, ठिसूळ, चिकट किंवा वाकलेले सेल वेगळे करा आणि वेगळ्या पेटीत, वेगळ्या खोलीत ठेवा. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या, ॲसिड दाखवणाऱ्या ए-डी पट्ट्या मिळाल्या तर प्रत्येक पेटीत एक ठेवा : पट्टी निळी राहिली तर ठीक, हिरवट झाली तर विघटन सुरू झाले आहे, पिवळी म्हणजे बरेच पुढे गेले आहे. गंजलेल्या टाचण्या आणि वितळलेले रबरबँड हळूच काढा. चिकटपट्टी असेल तर तिला हात लावू नका.

ओला फडका मुळीच नको. सेलचे पुष्कळ रंग पाण्यात विरघळतात आणि एका पुसण्यात पात्राचा आख्खा सदरा निघून येतो. पुढच्या बाजूची धूळ मऊ ब्रशने झटका. रंगाच्या बाजूला काहीच करू नका. सेल एकमेकांना किंवा कागदाला चिकटले असतील तर ओढू नका, चाकू-पट्टी घालू नका. लॉस एंजेलिसची गेटी कन्झर्वेशन इन्स्टिट्यूट आणि डिस्नेचे ॲनिमेशन संशोधन ग्रंथालय यांच्या संयुक्त अभ्यासात असे दिसले आहे की नियंत्रित आर्द्रतेत सुटलेला रंग प्लॅस्टिकवर पुन्हा बसवता येतो. पण ते प्रयोगशाळेतले काम आहे. घरी वाफ देऊन पाहू नये.

आता लोकांचा प्रश्न. सेलपेक्षाही लवकर हरवेल ती आईंची आठवण, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. एकेक गठ्ठा समोर ठेवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा : कोणत्या वस्तूची जाहिरात, कोणते वर्ष, रेघ कोण मारी आणि रंग कोण भरी, दिवसाला किती सेल होत, रंग कशात कालवत, वाळायला किती वेळ लागे, चूक झाली तर काय करत. सोबत काम करणाऱ्या बायकांची आठवण निघेल. त्यांच्याही माळ्यावर काही असेल. हाच तुमचा गट. संग्राहक आणि ॲनिमेशनचे विद्यार्थी अशा माणसांना भेटायला आतुर असतात. पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइनच्या विभागात ॲनिमेशन शिकवतात. मुंबईत द ॲनिमेशन सोसायटी ऑफ इंडिया आहे. कायमचे जतन हवे असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी पत्र लिहा. सोबत गठ्ठ्यांची यादी, फोटो आणि वासाची स्पष्ट माहिती द्या. न विचारता ट्रंक नेऊन पोचवू नका; विघटित ॲसिटेट इतर वस्तूंशेजारी ठेवता येत नाही.

दोन-अडीचशे सेल एकगठ्ठा विकत घ्यायला कुणी आला तर थोडे थांबा. सेल सुटे विकले जातील आणि आईंनी आजवर टिकवलेला क्रम आठवड्यात मोडेल. त्याआधी निदान सगळ्यांचे फोटो आणि नोंदी तुमच्याकडे असू द्या.

प्रश्न (कोल्हापूर) : जपानी लिलावातून घ्यायचं आहे. खरं-खोटं ओळखता येत नाही आणि जुन्या संग्राहकांना विचारलं तर अडाणी समजतील असं वाटतं.

उत्तर : विचारा. चांगला संग्राहक अशा प्रश्नाने खूश होतो. फक्त ‘हे खरं आहे का?’ एवढेच न विचारता, तुम्ही काय पाहिलेत तेही सांगा. मग उत्तर नक्की येते.

आधी वर्णनातले शब्द ओळखा. सेरुगा म्हणजे सेल. गेन्गा म्हणजे मुख्य ॲनिमेटरने काढलेली की-ड्रॉइंग्ज, हालचालीच्या मुख्य टप्प्यांची रेखाटने. त्यांत आकडा बहुधा वर्तुळात असतो आणि सावलीच्या रेघा लाल-निळ्या पेन्सिलीने असतात. दोगा म्हणजे स्वच्छ रेखलेली चित्रे, ज्यांवरून सेलची रेघ येते. शूसेई म्हणजे ॲनिमेशन दिग्दर्शकाने केलेली दुरुस्ती, बहुधा रंगीत पातळ कागदावर. हान्केन सेल मासिकांसाठी, जाहिरातीसाठी बनत. स्टुडिओचे हातकामच ते, पण पडद्यावर न आलेले, म्हणून त्यांचा जोडीदार क्रमांक शोधू नका. हारित्सुकी म्हणजे चिकटलेले. आणि फुकुसेई दिसले की थांबा : ती प्रतिकृती आहे. ‘फुकुसेई गेन्गा’ म्हणजे छापील संच. तो स्वस्त आणि देखणा असतो, मूळ नसतो. याउलट जिकिहित्सु म्हणजे हाताने काढलेले.

मग वस्तू पाहा. खऱ्या सेलच्या मागचा रंग जाड-पातळ, रेघेच्या आत-बाहेर थोडा सांडलेला असतो. मागची बाजूही पुढच्याइतकीच सफाईदार असेल तर शंका घ्या. काळी रेघ कार्बनची असते, ती उजेडाने आणि काळाने फिकटते. तीस वर्षांच्या सेलवर थोडी तुटक रेघ दिसणे स्वाभाविक आहे. पेन्सिलच्या रेखाटनावर टॉर्च जवळजवळ आडवी धरा : शिसे चमकते आणि दाबाची खाच दिसते. छापील असेल तर भिंगाखाली ठिपके दिसतात. शेवटी पडद्यावरचे दृश्य काढून ताडून पाहा. चाहत्यांनी हौसेने रंगवलेल्या सेलमध्ये हात किंवा केसांची बट एखाद्या मिलिमीटरने वेगळी निघते.

काळाचे भान ठेवा. जपानी स्टुडिओ साधारण १९९७ ते २००२ या काळात संगणकावर रंगवू लागले. ‘साझाए-सान’ ही मालिका तेवढी २०१३ पर्यंत सेलवर चालली. तेव्हा २०१० सालच्या दुसऱ्या मालिकेचा ‘मूळ सेल’ कुणी देऊ करत असेल तर तो पडद्यावरचा नाही. आज चालू असलेल्या मालिकेची गेन्गा विकायला आली तर ती स्टुडिओबाहेर कशी आली हे विचारा. सरळ उत्तर मिळाले नाही तर घेऊ नका. चोरीची वस्तू गटात आली तर सगळ्या गटाचा विश्वास जातो.

पार्सल भारतात येताना सीमाशुल्क आणि जीएसटी लागू शकतो, आणि हिशेब पाठवणावळ धरून होतो. कुरियरला ओळखपत्राची कागदपत्रे लागतात, ती आधीच तयार ठेवा. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगू नका. वाटेत सेल मोडला तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीचीच मिळेल. सेल पाकिटात, त्याच्या दोन्ही बाजूंना सेलपेक्षा तीन सेंटीमीटर मोठे कडक पुठ्ठे, गुंडाळी कधीही नाही, एवढे मात्र आग्रहाने सांगा.

प्रश्न (न्यू जर्सी) : आमच्याकडे डिस्नेचे तीन सेल आहेत, गॅलरीतून प्रमाणपत्रासह घेतलेले. एका संग्राहकाने ‘हे खरे सेल नाहीत’ असं सांगितल्यापासून मुलगी कुणाला दाखवत नाही.

उत्तर : मुलीला सांगा की सेलचे तीन प्रकार आहेत, आणि आपल्याकडे काय आहे ते नेमक्या शब्दांत सांगता आले की कुणी खाली पाहायला लावू शकत नाही. कॅमेऱ्याखाली गेलेला तो प्रॉडक्शन सेल. मर्यादित आवृत्तीचा सेल विक्रीसाठीच बनतो, पण बहुधा हाताने रंगवलेला आणि क्रमांकित असतो. सेरिसेल हा स्क्रीनप्रिंटने छापलेला. प्रमाणपत्रावर यातले काय लिहिले आहे ते वाचा. सालही पाहा : १९८९ चा ‘द लिटल मर्मेड’ हा डिस्नेचा हाताने रंगवलेल्या सेलवरचा शेवटचा मोठा चित्रपट, १९९० च्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’पासून रंगकाम संगणकावर गेले. त्यानंतरच्या या चित्रपटांचे सेल विक्रीसाठी बनलेले असतात.

विक्रीसाठी सेल तयार करण्याची रीतही जुनीच आहे. १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्व्हॉइझिए गॅलरीने डिस्नेचे वापरलेले सेल कापून, नव्या पार्श्वभूमीवर बसवून विकले. १९५५ पासून डिस्नेलँडच्या आर्ट कॉर्नरमध्ये ते सोनेरी लेबल लावून अगदी स्वस्तात मिळत. आज ती लेबलेसुद्धा संग्राहक जपतात. तेव्हा फ्रेमच्या मागचा कागद, लेबल, पावती काहीही फाडू नका. मुलीला गट हवा असेल तर एका प्रकारावर, एका पात्रावर किंवा एका कलाकारावर लक्ष द्यायला सांगा. ‘डिस्नेचे सेल’ हा विषय एवढा मोठा आहे की त्यात कुणी कुणाला सापडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे वॉल्ट डिस्ने फॅमिली म्युझियम कधीतरी दाखवा. आणि लिलावगृहांच्या मांडणीला, काहीही न घेता, जरूर जा. मूळ सेल समोर पाहून डोळा जितका तयार होतो तितका फोटोने होत नाही.

प्रश्न (मुंबई) : आमच्या गटात ठरलं आहे की एकमेकांविरुद्ध बोली लावायची नाही. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. बोली लावणाऱ्यांनी आपसांत ठरवून भाव खाली ठेवणे ही विक्रेत्याची फसवणूक आहे, आणि लिलावाच्या नियमांतही ते बसत नाही. आपल्याला काय हवे आहे याची यादी गटात मोकळेपणाने सांगणे वेगळे. ‘हा सेल माझ्या ए-५ चा जोडीदार आहे’ हे कळल्यावर कुणी आपणहून मागे सरला तर तो त्याचा स्नेह. त्याची सक्ती करू नये, आणि तो मागे सरला नाही म्हणून अबोलाही धरू नये.

प्रश्न (रत्नागिरी) : माझ्या जवळपास या छंदातलं कुणीच नाही. शिवाय पावसाळ्यात सेलना बुरशीची भीती वाटते. इथे हा संग्रह करणं शहाणपणाचं आहे का?

उत्तर : आहे, पण पेटी नीट हवी. रंगवलेल्या सेलना ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. त्याहून फार वर गेली की रंग चिकट होतो आणि बुरशी धरते. फार खाली आली की रंग प्लॅस्टिकवरून सुटू लागतो. म्हणूनच बंद डब्यात सिलिका जेल भरून ठेवणे हा अर्धाच उपाय आहे. डबा किती कोरडा झाला ते कळत नाही. छायाचित्रकार लेन्ससाठी वापरतात ते इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट घ्या आणि ४५ टक्क्यांवर लावा. घेण्याआधी आतली रुंदी-खोली मोजा. जपानी मालिकेचा सेल साधारण १० बाय ९ इंचांचा असतो, तो ज्या अल्बममध्ये आहे तो अल्बम आत मावायला हवा. आत एक वेगळा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, कॅबिनेटच्या आकड्यावर विसंबू नका. आठवड्यातून एकदा, पाऊस नसताना, दार दहा मिनिटे उघडा म्हणजे साठलेली वाफ निघून जाईल. व्हिनेगरचा वास येणारा सेल या कॅबिनेटमध्ये कधीच नको.

पाकिटे पॉलिप्रॉपिलिनची किंवा पॉलिएस्टरची हवीत. पीव्हीसीची, म्हणजे मऊ आणि नव्या प्लॅस्टिकचा वास येणारी, मुळीच नकोत. रंग त्यांना चिकटतो. अल्बम उभे, पण आधार देऊन ठेवा. आडवी चळत केली तर खालच्या सेलचा रंग दाबाने कागदाला धरतो. डांबरगोळ्या कपाटातून काढून टाका. प्लायवूडच्या कपाटापेक्षा लोखंडी बरे, आणि ते बाहेरच्या भिंतीला टेकलेले नको. भिंतीवर लावायचे असेल तर एका वेळी एकच, तीन महिने. काच आणि सेल यांच्यात पुठ्ठ्याची चौकट, अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक, आणि फ्रेमवाल्याला फेविकॉल किंवा चिकटपट्टी सेलला लावू न देण्याची सक्त ताकीद.

आणि माणसांचे : या छंदात शेजार नकाशावरचा नसतो. तुमच्या सेलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काय लिहिले आहे ते आम्हाला भागाच्या क्रमांकासह आणि मिनिट-सेकंदासह कळवा. डोंबिवलीच्या वाचकांकडूनही आम्ही तेच मागवत आहोत. पुढच्या अंकात दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी छापू, आणि ज्यांच्याकडे त्याच कटमधले काही असेल त्यांनी लिहावे.